कार-टी थेरपी: पेशी काढण्याआधी कोणती औषधं टाळायची, आणि अंदाजपत्रकात काय धरलेलं नसतं?

लालबागकर७९ (प्रश्न)

नात्यातल्या एका ५८ वर्षांच्या गृहस्थांसाठी कार-टीबद्दल (रुग्णाच्याच टी-पेशी काढून, प्रयोगशाळेत कॅन्सर ओळखण्याजोग्या करून परत द्यायची थेरपी) विचारतोय. निदान डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा (बी-पेशींचा, वेगाने वाढणारा रक्ताचा कॅन्सर). आर-चॉप या नेहमीच्या केमोच्या ६ सायकल झाल्या, पेट-सीटी स्वच्छ आला, आणि उपचार संपल्यावर ८ महिन्यांत पोटातल्या गाठी परत दिसल्या. बायोप्सी अजून नव्याने केलेली नाही. वजन ६२ किलो, किडनी-लिव्हर ठीक, इको ठीक.

तीन ठिकाणी तीन मतं मिळाली. एक म्हणतात सॅल्व्हेज केमो (उलटलेला आजार दाबायचा केमो) देऊन ऑटो ट्रान्सप्लांट (स्वतःच्याच मूळपेशी परत देणं) करा. दुसरे म्हणतात थेट कार-टीकडे जा. तिसऱ्यांचं म्हणणं, बेंडामस्टिन-रिटुक्सिमॅबच्या २ सायकल आत्ता देऊ, गाठी दबल्या की बघू. घरच्यांना तिसरं पटतंय, कारण ते जवळच होतं आणि लगेच सुरू होतं.

माझे प्रश्न: (१) बेंडामस्टिन आधी दिल्याने कार-टीच्या वेळी अडचण येते का? (२) भारतात मान्यता मिळालेल्या कार-टीचा पुरावा किती पक्का? परदेशातले आकडे इथे लागू धरायचे का? (३) जाहीर झालेल्या किमतीपलीकडे कशाकशाची तरतूद ठेवायची? कुटुंबाची मेडिक्लेम पॉलिसी १० लाखांची आहे. (४) केंद्र खारघरला आणि घर लालबागला असेल तर रोज ये-जा चालेल का? (५) कार-टीमुळेच दुसरा कॅन्सर होतो, ही बातमी खरी का?

"तुमच्या डॉक्टरांना विचारा" हे माहीत आहे. त्यांना नेमकं काय विचारायचं, ते ठरवायचंय.

---

अफेरेसिस_टेबल

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते आज-उद्याचं आहे. बेंडामस्टिन पेशी काढण्याआधी देऊ नये. हे औषध टी-पेशींना फार काळ मारतं. लिम्फोसाइटची संख्या काही आठवड्यांत वर आलेली दिसली तरी त्या पेशींची वाढण्याची ताकद कमी राहते. पेशी काढण्याआधीच्या ६ ते ९ महिन्यांत बेंडामस्टिन मिळालेल्या रुग्णांत कार-टीचा परिणाम कमी दिसतो, हे आता बऱ्याच अभ्यासांतून आलेलं आहे. आपल्याकडे ते स्वस्त आहे, डे-केअरमध्ये देता येतं, केस फारसे गळत नाहीत, त्यामुळे सहज लिहिलं जातं. कार-टीचा विचार दूरवर जरी असला तरी "आधी अफेरेसिस (मशीनने रक्तातून पेशी काढणं), मग बेंडामस्टिन" हा क्रम सांगून ठेवा. पेशी काढून झाल्या की तेच औषध मधल्या काळात गाठी दाबायला चालतं. इतकंच काय, पेशी परत देण्याआधीच्या तयारीच्या केमोतही काही ठिकाणी ते वापरतात. आक्षेप औषधावर नाही, वेळेवर आहे.

स्टिरॉइडचंही तसंच. प्रेडनिसोलोन दिवसाला ५ मि.ग्रॅ.च्या वर चालू असेल तर पेशी काढण्याआधी किमान ३ दिवस, जमलं तर ७ दिवस बंद हवं. इथे हमखास चूक होते ती अशी: रुग्णाला मळमळ होते म्हणून घराजवळच्या डॉक्टरांकडून डेक्सामेथासोनचं इंजेक्शन घेतलं जातं आणि ते कुणी सांगत नाही. एवढ्या एका इंजेक्शनानेही लिम्फोसाइट खाली येतात. इतर केमोनंतर साधारण २ आठवडे जाऊ द्यावे लागतात. पांढऱ्या पेशी वाढवायचं जी-सीएसएफ चालू असेल तर तेही आधीचे काही दिवस थांबवतात, नाहीतर पिशवीत न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट या नको असलेल्या पांढऱ्या पेशीच जास्त येतात.

प्रत्यक्ष दिवस कसा असतो: सकाळी सीबीसी, कॅल्शियम, सीडी३ (म्हणजे टी-पेशींचा) काउंट. हिमोग्लोबिन ८ च्या वर आणि प्लेटलेट ५० हजारांच्या आसपास किंवा वर असावेत अशी बहुतेकांची अपेक्षा असते. सीडी३ पेशी दर मायक्रोलिटरला १५० च्या खाली असतील तर टेबल अडवून काही हाती लागत नाही, तारीख पुढे ढकललेली बरी. दोन शिरा लागतात, एकीतून रक्त मशीनमध्ये जातं, दुसरीतून परत. केमोने शिरा गेल्या असतील तर मानेत किंवा जांघेत डायलिसिससारखा जाड कॅथेटर घालावा लागतो. पीआयसीसी लाइन (दंडातून घातलेली लांब नळी) आहे म्हणून निश्चिंत राहू नका. ती मऊ असते, मशीनच्या ओढीने चिकटून बंद होते.

६२ किलोच्या माणसाच्या अंगात साडेचार लिटरच्या आसपास रक्त धरा. त्याच्या २ ते ३ पट, म्हणजे ९ ते १३ लिटर, मशीनमधून फिरवलं जातं. वेळ ३ ते ५ तास. रक्त गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट मिसळतात, ते कॅल्शियमला धरून ठेवतं. म्हणून ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. सांगायला लाजू नका, कॅल्शियम ग्लुकोनेट चालू केलं आणि गती कमी केली की थांबतं. गप्प राहिलात तर पुढे हातापायांत गोळे येतात. आदल्या दिवशी भरपूर पाणी, सकाळी नाश्ता करून या, उपाशी येऊ नका. टेबलावरून मध्येच उठता येत नाही, तेवढं ध्यानात ठेवून पाणी प्या.

पुढे प्रयोगशाळेत टी-पेशी वेगळ्या करतात, सीडी३/सीडी२८ ने जाग्या करतात, लेंटिव्हायरसने (वाहक म्हणून वापरलेला विषाणू) कॅन्सर ओळखणाऱ्या 'कार'चं जनुक आत घालतात आणि ७ ते १० दिवस वाढवतात. मग तपासण्या: जिवंत पेशी ७० टक्क्यांच्या वर, एका पेशीत जनुकाच्या सरासरी ५ पेक्षा कमी प्रती, जिवाणू-बुरशी नाही, एंडोटॉक्सिन मर्यादेत, आणि स्वतःहून वाढू शकणारा विषाणू तयार झालेला नाही. निर्जंतुकतेची नेहमीची तपासणीच १४ दिवसांची असते. पेशी काढण्यापासून परत मिळण्यापर्यंत ३ ते ५ आठवडे धरून चाला. "१० दिवसांत तयार होतं" असं कुणी म्हणालं तर ते फक्त वाढवण्याचे दिवस सांगत आहेत.

बॅच बिघडते ती बहुतेक वेळा दमलेल्या पेशींमुळे, कधी मोनोसाइट फार आल्यामुळे, क्वचित संसर्गामुळे. तेव्हा केंद्राला हे लेखी विचारा: बॅच फसली तर दुसऱ्यांदा पेशी काढण्याचा आणि बनवण्याचा खर्च कुणाचा? आणि पेशी निकषात थोड्या कमी बसल्या, म्हणजे जिवंत पेशी ७० ऐवजी ६५ टक्के निघाल्या, तर द्यायच्या की नाही हे कोण ठरवणार? हे आगाऊ रक्कम भरण्याआधी विचारायचं. नंतर विचारून नुसती चिडचिड होते.

---

पुरावा_दाखवा

वरच्या प्रतिसादाशी सहमत. दुसऱ्या प्रश्नाबद्दल जरा सविस्तर, कारण इथेच सगळ्यात जास्त सरमिसळ होते.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या आणि इम्युनोअ‍ॅक्टने बाजारात आणलेल्या नेक्सकार१९ला केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता ऑक्टोबर २०२३ मध्ये मिळाली. वय १५ च्या वर, उलटलेला किंवा औषधाला दाद न देणारा बी-सेल लिम्फोमा किंवा ल्युकेमिया. टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये पहिल्या रुग्णाला जून २०२१ मध्ये दिलं गेलं होतं. बंगळुरूच्या इम्युनीलचं कार्टेमी २०२५ च्या जानेवारीत आलं, प्रौढांच्या बी-सेल लिम्फोमासाठी. त्याचं मूळ बार्सिलोनाच्या हॉस्पिटल क्लिनिकमधलं.

नेक्सकार१९चे निकाल २०२५ मध्ये लॅन्सेट हेमॅटॉलॉजीत आले. परिणाम मोजता आलेल्या ५१ रुग्णांपैकी ७३ टक्क्यांमध्ये आजाराने प्रतिसाद दिला. रुग्ण बरेच आधी खूप औषधं घेतलेले होते, हे लक्षात घेता आकडा चांगला आहे. पण "प्रतिसाद" म्हणजे "बरा झाला" नव्हे. लिम्फोमा उलटतो तेव्हा बहुतेक वेळा पहिल्या ६ महिन्यांत उलटतो, त्यामुळे ३० व्या दिवसाचा पेट-सीटी पाहून पेढे वाटू नयेत. ९० व्या दिवसाचा आणि ६ महिन्यांचा जास्त महत्त्वाचा. शिवाय ३० व्या दिवशी काही गाठी सुजेमुळेही चमकतात. डोव्हिल स्कोअर (पेटवर गाठ किती चमकते याचे १ ते ५ गुण) ४ आला म्हणजे थेरपी वाया गेली असं लगेच नाही. गाठ मोठी होत असेल तर मात्र बायोप्सी.

आता ऑटो ट्रान्सप्लांट की कार-टी. पहिल्या उपचारानंतर १२ महिन्यांच्या आत उलटलेल्या किंवा न दबलेल्या आजारात तीन मोठ्या चाचण्या झाल्या, तिन्ही परदेशी कार-टी उत्पादनांच्या. झुमा-७ या चाचणीत अ‍ॅक्सी-सेल सरस ठरलं. ४ वर्षांनी हयात रुग्ण ५४.६ टक्के, ट्रान्सप्लांटच्या गटात ४६ टक्के. ट्रान्सफॉर्म या चाचणीत लिसो-सेल सरस ठरलं. बेलिंडात मात्र टिसा-सेलला काहीच फायदा दिसला नाही. कारणांची चर्चा बरीच झाली, पण एक ठळक आहे: बेलिंडात पेशी काढल्यापासून परत देईपर्यंत मध्यक ५२ दिवस गेले. आजार थांबून राहत नाही.

त्यामुळे तुमचा रुग्ण ८ महिन्यांत उलटल्यामुळे त्या चाचण्यांच्या गटात बसतो हे खरं. पण झुमा-७ चे आकडे भारतीय उत्पादनाला जसेच्या तसे लावणं चूक. उत्पादन वेगळं, रुग्ण वेगळे, आणि समोरासमोर तुलना झालेली नाही. सॅल्व्हेज केमोला आजार छान दबला तर ऑटो ट्रान्सप्लांट हा आजही लाजिरवाणा पर्याय नाही, आणि खर्चात मोठा फरक पडतो. माझं मत विचाराल तर: सॅल्व्हेज सुरू करण्याआधी पेशी काढून गोठवून ठेवता येतील का, हे विचारा. सगळीकडे ही सोय नसते, आणि साठवणुकीचा खर्च वेगळा लागतो, पण दोन्ही दारं उघडी राहतात.

आणि बायोप्सी पुन्हा करा. ती टाळायची जागा नाही. गाठ खरंच तोच लिम्फोमा आहे का (आपल्याकडे क्षयाची गाठ पेटवर तशीच चमकते) आणि पेशींवर सीडी१९ आहे का, दोन्ही कळायला हवं. ही थेरपी सीडी१९ ओळखूनच मारते. खूणच नसेल तर काय ओळखणार?

---

लालबागकर७९

बेंडामस्टिनचं कळलं, थांबवायला सांगतो. गाठींमुळे पोटात दुखतंय, सारखा ताप येतो, महिनाभर काहीच न देता राहणं शक्य दिसत नाही. मधल्या काळात काय देतात? आणि पाचवा प्रश्न राहिला.

---

पुरावा_दाखवा

मधल्या उपचाराला ब्रिजिंग म्हणतात. पेशी काढल्यानंतर जेमसिटाबिन-ऑक्झॅलिप्लॅटिन, पोलाटुझुमॅबवर आधारित औषधं, एकाच जागी मोठी गाठ असेल तर रेडिएशन. शेवटच्या ब्रिजिंगनंतर थोडी मोकळीक ठेवून तयारीचा केमो येतो. हेतू गाठ पूर्ण घालवण्याचा नसतो, आकार आणि एलडीएच (रक्तातून आजाराचा जोर दाखवणारा आकडा) खाली आणण्याचा असतो. ओझं जितकं जास्त, तितका पुढचा ताप-दाह जोरात आणि यशाची शक्यता कमी.

पेशी काढायच्या आधीच दुखणं असह्य असेल तर दुखऱ्या जागेला छोटं रेडिएशन हा मार्ग स्टिरॉइडपेक्षा बरा.

दुसरा कॅन्सर: बातमी खरी आहे, प्रमाण समजून घ्या. अमेरिकेच्या एफडीएकडे २०२३ संपेपर्यंत टी-पेशींच्या कॅन्सरच्या २२ घटना नोंदल्या गेल्या, तोवर तिथे २७ हजारांहून जास्त डोस दिले गेले होते. २०२४ च्या जानेवारीत त्यांनी या वर्गातल्या सगळ्या उत्पादनांवर ठळक इशारा छापायला लावला. काही घटनांत कॅन्सरच्या पेशीत कारचं जनुक सापडलं, म्हणजे संबंध नाही असं म्हणता येत नाही. अशा जनुकीय उपचारानंतर १५ वर्षं पाठपुरावा ठेवायची पद्धत त्याचसाठी आहे. इथे मला खरा प्रश्न पडतो तो हा: १५ वर्षं हा पाठपुरावा कोण करणार? रुग्ण गावी परतला, फोन नंबर बदलला, की संपलं. संमतीपत्रात पाठपुराव्याच्या रक्ततपासण्यांचा खर्च कुणावर लिहिलाय ते वाचा.

५८ व्या वर्षी, ८ महिन्यांत उलटलेल्या आजारात, हा धोका निर्णय फिरवण्याइतका नाही. त्याहून जास्त माणसं संसर्गाने जातात. आजार उलटण्याशिवायच्या कारणांनी होणाऱ्या मृत्यूंचा २०२४ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, त्यात निम्म्याहून थोडे जास्त मृत्यू संसर्गाचे होते. काळजी तिथे खर्च करा.

---

वॉर्ड_नाईट_ड्युटी

पेशी दिल्यानंतरचं मी लिहिते.

आधी ३ दिवस फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड. शरीरातल्या जुन्या लिम्फोसाइट कमी करून नव्यांना जागा करायची असते. फ्लुडाराबिन मिळाल्यापासून पुढे जे रक्त किंवा प्लेटलेट चढवायचं ते इरॅडिएट केलेलंच (किरण दिलेलंच) हवं. दुसऱ्या रुग्णालयात ऐनवेळी दाखल व्हावं लागलं तर तिथे हे माहीत नसतं, म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

पेशींची पिशवी द्रव नायट्रोजनच्या वाफेतून येते, ३७ अंशांच्या पाण्यात काही मिनिटांत वितळते आणि अर्ध्या तासाच्या आत संपवायची असते. पांढऱ्या पेशी गाळणारा फिल्टर लावायचा नाही, नाहीतर औषधच गाळलं जातं. गोठवताना घातलेल्या डीएमएसओमुळे खोलीत लसणासारखा उग्र वास येतो, रुग्णाच्या श्वासालाही दिवसभर येतो. घाबरू नका.

पुढचे १४ दिवस मुख्य. ताप ३८ किंवा वर गेला की सायटोकाइन रिलीज सिंड्रोम (नव्या पेशींमुळे अंगभर उसळणारा दाह) धरून चालतात. नुसता ताप म्हणजे ग्रेड १. बीपी पडलं पण सलाईनने सावरलं, किंवा साध्या नळीचा थोडा ऑक्सिजन लागला, तर ग्रेड २. बीपीसाठी एक औषध चालू करावं लागलं तर ग्रेड ३. व्हेंटिलेटर किंवा त्याहून जास्त औषधं लागली तर ग्रेड ४. त्यावरचं औषध टोसिलिझुमॅब, किलोमागे ८ मि.ग्रॅ., कमाल ८०० मि.ग्रॅ. तुमच्या रुग्णाला एका वेळेला ४९६, म्हणजे ५०० च्या आसपास. निदान २ डोस वॉर्डात हजर असल्याशिवाय पेशी देऊ नयेत. "लागलं तर मागवू" हे उत्तर स्वीकारू नका, रात्री ३ वाजता परळच्या मेडिकलवाल्याकडेही ते असेलच असं नाही.

त्याच वेळी पांढऱ्या पेशी पडलेल्या असतात, म्हणून प्रत्येक ताप हा संसर्गही धरायचा. कल्चर घेऊन तासाभरात अँटिबायोटिक. पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टोच्या तपासण्याही त्यातच जातात. घरी आल्यावर ताप मोजायच्या आधी पॅरासिटामॉल घेऊ नका, सगळा अंदाज चुकतो.

मेंदूवरचा परिणाम म्हणजे इकॅन्स. बहुतेकदा तापाच्या पाठोपाठ येतो, चौथ्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास. रोज निदान दोनदा १० गुणांची तपासणी होते: साल, महिना, शहर, रुग्णालय सांगणं (४), तीन वस्तूंची नावं (३), एक साधी सूचना पाळणं (१), एक वाक्य लिहिणं (१), १०० पासून १०-१० ने उलटं मोजणं (१). वाक्य मराठीतच लिहू द्या, आणि पेशी देण्याआधी एक नमुना कागदावर घेऊन त्याचा फोटो काढून ठेवा. रात्रपाळीच्या सिस्टरला मराठी वाचता येतच असेल असं नाही, पण कालचं वळण आणि आजचं वळण शेजारी ठेवलं की कुणालाही कळतं. अक्षर थरथरलं, ओळ खाली घसरली, शब्द अर्धा राहिला की सांगायचं. आकडे उलटे मोजायची सवय नसलेल्या माणसाला ते पहिल्या दिवशीही जमत नाही, म्हणून आधीची नोंद हवीच. घरच्या माणसाच्या लक्षात हे सगळ्यात आधी येतं: "आज बाबा कमी बोलतायत, आणि चमच्याला चमचा म्हणेनात." हे ऐकून घेणारा वॉर्ड निवडा.

ये-जा: पेशी दिल्यावर लालबागहून रोजची ये-जा नको. डिस्चार्जनंतरही खारघर किंवा जवळपास राहायला हवं, सोबत २४ तास माणूस. जुन्या नियमात ४ आठवडे केंद्राजवळ आणि ८ आठवडे गाडी न चालवणं असं होतं. एफडीएने जून २०२५ मध्ये दोन्ही २ आठवड्यांवर आणलं. पण आपल्याकडे सायन-पनवेल रस्त्याची अवस्था, जुलैत तुंबलेलं हिंदमाता आणि गणपतीतलं लालबाग पाहता मी ४ आठवडेच म्हणेन. भाद्रपदात त्या गल्लीतून रुग्णवाहिका काढणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. तारीख ठरवताना कॅलेंडर समोर ठेवा. पेशी काढायच्या दिवशी आणि आधीच्या तपासण्यांना मात्र लोकलने जायला हरकत नाही. परळहून कुर्ला, तिथून हार्बरची पनवेल गाडी. गर्दीची वेळ टाळा, मास्क लावा.

---

बिलाचा_हिशेब

तिसरा प्रश्न. परदेशात २०१७ मध्ये ही उत्पादनं आली तेव्हा यादीतली किंमत ३ लाख ७३ हजार ते ४ लाख ७५ हजार डॉलर होती, तीही फक्त पेशींची. भारतीय उत्पादनासाठी बातम्यांत ३० ते ४५ लाखांच्या दरम्यानचे आकडे येतात. स्वस्त आहे, पण "दहा टक्क्यांत" हा मथळा वाचून बजेट करू नका. त्या आकड्यात काय धरलंय हे केंद्रागणिक बदलतं. अंदाजपत्रक मागताना या ओळी वेगवेगळ्या मागा: अफेरेसिस आणि त्याचं किट, कॅथेटर, ब्रिजिंग, तयारीचा केमो, पेशी, खोलीचं भाडं किती दिवसांचं धरलंय, आयसीयूचे दिवस धरलेत का, टोसिलिझुमॅबचे किती डोस, रक्त-प्लेटलेट, ३० आणि ९० दिवसांचे पेट-सीटी.

लोक विसरतात ते पुढचं वर्ष. बी-पेशी साफ होतात म्हणून प्रतिकारद्रव्यं तयार होत नाहीत. आयजीजी (रक्तातलं मुख्य प्रतिकारद्रव्य) ४०० च्या खाली आणि वारंवार संसर्ग असेल तर आयव्हीआयजी (शिरेतून द्यायची तयार प्रतिकारद्रव्यं), किलोमागे ०.४ ग्रॅम. ६२ किलोला सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या ५ बाटल्या, महिन्यातून एकदा, काहींना अनेक महिने. हा खर्च पॅकेजमध्ये जवळपास कधीच नसतो. संसर्ग टाळायला को-ट्रायमॉक्साझोल आणि असायक्लोविर महिनोन्‌महिने चालतात, पण ते स्वस्त आहेत. हिपॅटायटिस बीची अँटी-एचबीसी तपासणी (पूर्वी होऊन गेलेला संसर्गही दाखवणारी) आधी झाली आहे ना बघा. फक्त एचबीएसएजी (सध्याचा संसर्ग दाखवणारी तपासणी) निगेटिव्ह म्हणून सुटका नाही, रिटुक्सिमॅब आधीच झालंय. पॉझिटिव्ह असेल तर एन्टेकाव्हिर लागेल.

प्लेटलेट: महिनाभरानंतरही काउंट वर न येणं ही या थेरपीत नेहमीची गोष्ट आहे. सिंगल डोनर प्लेटलेटसाठी ८-१० दात्यांची यादी आधीच करा. मे महिन्याच्या सुट्टीत आणि दिवाळीत रक्तपेढ्या रिकाम्या होतात.

मेडिक्लेम: विमा नियामकाने २०१९ मध्ये ज्या १२ आधुनिक उपचारांना नाकारता येणार नाही असं ठरवलं, त्यात रक्ताच्या आजारांसाठी स्टेम सेल आहे, मोनोक्लोनल अँटिबॉडीची इम्युनोथेरपी आहे, पण कार-टीचं नाव नाही. त्यामुळे टीपीए (विम्याचे दावे हाताळणारा मध्यस्थ) कधी "प्रायोगिक" म्हणून नाकारतो, कधी इम्युनोथेरपीत घालून उपमर्यादा लावतो. पॉलिसीत "आधुनिक उपचार" या मथळ्याखाली किती टक्के लिहिलंय ते आधी शोधा. १० लाखांच्या पॉलिसीत तिथे ५० टक्के असेल तर हातात ५ लाखच. पूर्वमंजुरीच्या अर्जाला औषध नियंत्रकांची मान्यता असल्याचा कागद, ट्यूमर बोर्डाचं पत्र, आधीच्या उपचारांचा तारखांसह गोषवारा आणि बायोप्सी जोडा. पेशी नाकारल्या तरी दाखल राहण्याचा, आयसीयूचा आणि औषधांचा क्लेम वेगळा लावता येतो का, हे लेखी विचारा.

सरकारी मदत: महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते ठरलेल्या उपचारांच्या यादीप्रमाणे. अफेरेसिसआधीची केमो किंवा दाखल होणं त्यात बसतं का बघा, पेशींची किंमत त्यातून निघेल या भरवशावर राहू नका. मुख्यमंत्री सहायता निधी आणि पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीकडे अर्ज स्वतंत्रपणे करता येतात, रुग्णालयाच्या शिक्क्याचं मूळ अंदाजपत्रक लागतं, आणि मंजूर रक्कम रुग्णालयाच्या खात्यात जाते. म्हणून रुग्णालय बदललं की अर्ज नव्याने. धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा मोफत आणि १० टक्के सवलतीत राखीव असतात. त्यातून खोलीचं आणि डॉक्टरांचं बिल हलकं होऊ शकतं, पेशींचं नाही.

राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळचं नाना पालकर स्मृती समितीचं सदन, दोन्हीकडे रुग्णालयाचं पत्र लागतं आणि रांग असते. तुमचं घरच लालबागला असल्याने तिथे जागा अडवण्यात अर्थ नाही. खारघरमध्ये महिन्याच्या भाड्याने तळमजल्याची किंवा लिफ्टची खोली बघा, आणि टाकीचं पाणी उकळायची सोय बघा.

---

लालबागकर७९

बायोप्सी आणि सीडी१९ची तपासणी सोमवारी ठरवतोय, सोबत अँटी-एचबीसी. पेशी आधी काढून गोठवण्याबद्दल दोन्ही केंद्रांना मेल टाकलाय. सिस्टर, वाक्याच्या नमुन्याची कल्पना फार उपयोगी.

---

अफेरेसिस_टेबल

सोमवारी रक्त देताना एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सीच्या तपासण्याही करून त्यांचा अहवाल जपून ठेवा. अफेरेसिससाठी त्या लागतातच, पण दुसरं कारण आहे. लेंटिव्हायरसचे काही तुकडे एचआयव्हीच्या जनुकाशी जुळतात, त्यामुळे कार-टीनंतर एचआयव्हीची एनएटी (विषाणूचं जनुक शोधणारी) तपासणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. पुढे कधी मोतीबिंदूच्या किंवा हर्नियाच्या शस्त्रक्रियेआधी कुणी ती केली आणि गोंधळ झाला, तर आधीचा निगेटिव्ह अहवाल आणि "कार-टी झालेली आहे, उत्पादनाचं नाव, तारीख" असं कार्ड पाकिटात हवं. रक्तदान मात्र यापुढे कायमचं बंद.